नावं घेत परतलेला कांदा

उस्मानपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या लेकाच्या घरी येऊन सोनाजीला सहा महिने झाले होते, आणि या सहा महिन्यांत त्याची बायको बानाबाई त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं. आदळआपट नाही, रडारड नाही. सकाळी चहाचा कप वेळेवर पुढे यायचा, दुपारी ताट यायचं, अंघोळीचं पाणी तापलेलं असायचं. फक्त बोलणं यायचं नाही. काही सांगायचंच झालं तर बानाबाई सुनेकडे बघून म्हणायची, "आशा, तुझ्या मामाला म्हनावं, चपला दाराभायेर काढीत जा." मामा तिथंच, हातभर अंतरावर उभे. आशा मान वळवून म्हणायची, "मामा, चपला." आणि सोनाजी मुकाट्यानं चपला उचलून बाहेर ठेवून यायचा.

पहिले काही दिवस आशाला याचं हसू आलं. नवराबायकोची भांडणं तिला नवी नव्हती. बन्सीशी तिचं आठवड्याला एक ठरलेलंच असायचं, आणि ते रात्रीच्या जेवणाआत मिटायचंही. पण हे काही मिटण्यातलं दिसेना. तिनं एकदा नवऱ्याला विचारलं, तर बन्सी म्हणाला, "चाळीस वर्षांचं हाये त्यांचं. आपण मधी पडू नये." बन्सी सकाळी क्रांती चौकातून कंपनीची बस पकडायचा आणि शेंद्र्याला जायचा. बापाची सगळी हयात ज्या माळावर गेली त्याच माळावर लेक रोज जात होता, एवढंच की आता तिथं गेटवर कार्ड दाखवावं लागायचं.

सोनाजीचा जन्म पोलीस अॅक्शनच्या पुढच्या पावसाळ्यातला. तारीख कुणालाच ठाऊक नाही, आणि मेंढरं राखायला तारीख लागत नाही. फौज शहरात आली तेव्हा त्याचा बाप माळावर मेंढरांमागे होता. निजामाचं राज्य गेलं ही खबर त्याला चार दिवसांनी बाजारात कळली. "मेंढरान्ला तर अजून कळली नाय," असं तो पुढं जन्मभर सांगायचा आणि स्वतःच हसायचा. सोनाजीनं बापाकडून कळप घेतला, घोंगडं घेतलं, आणि कमी बोलायची सवय घेतली. बानाबाई डोंगरापलीकडच्या वस्तीवरची. ती लग्न होऊन आली ती आपल्या बापाच्या मेंढ्या पुढं घालूनच. तिच्या मेंढ्या आणि याच्या मेंढ्या पहिल्याच संध्याकाळी एकमेकींत अशा मिसळल्या की पुन्हा वेगळ्या काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

कळपात मेंढरं किती होती, ते इथं सांगता येणार नाही. सोनाजीच्या घरात मेंढरं मोजत नसत. मोजली की घटतात, अशी पक्की समजूत. कुणी पाहुण्यानं सहज "किती हायेत हो?" म्हटलं तरी बानाबाई तोंड फिरवून कडाकडा बोटं मोडायची. मग कळप पुरा आला की नाही हे कळायचं कसं? तर नावानं. दिवस मावळायला सोनाजी वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या काटेरी कुंपणाच्या, तोंडाशी उभा राहायचा आणि एकेकीचं नाव घ्यायचा. बानाबाई आत उभी. मेंढी तिच्या पायाजवळून गेली की ती म्हणायची, "हाय." भुरी. हाय. बांडी. हाय. काळतोंडी. हाय. एखादीला "हाय" आलं नाही की काठी घेऊन निघायचं, मग पाय कितीही दुखोत. नवं पिलू झालं की त्याला नीट निरखून नाव बानाबाईनं ठेवायचं. तो मान तिचा. सोनाजीनं एकदा हौसेनं एका पिलाला नाव ठेवलं होतं, तेव्हा ती दोन दिवस त्या पिलाला नुसतं "ते" म्हणत होती.

पुढं माळावर तारेची कुंपणं पडली. कंपन्या आल्या, रस्ते रुंद झाले, कळप रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला न्यायचा म्हणजे जिवावरचा खेळ झाला. सोनाजीचा उजवा गुडघा बसताना एकदा आणि उठताना दोनदा रडवू लागला. बन्सी बापाला सांगायचा, दादा, विकून टाका. तो कंपनीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा खरा, पण खोटंही बोलत नव्हता. शेवटी बानाबाईच म्हणाली, "इका. पर मी बहिनीच्या लेकीच्या लग्नाहून येईस्तोवर दम धरा. मी आल्याबिगर गाडी लावू नगा."

ती आठ दिवसांसाठी गेली आणि सोनाजीनं पाचव्या दिवशी गाडी लावली. पुंजाराम व्यापाऱ्याचा ट्रक शेजारच्या वस्तीवर आलेला होता हे निमित्त. खरं कारण वेगळं. बाना समोर असली तर तिच्यानं मेंढी चढू देववणार नाही आणि आपल्यानं चढववणार नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं. वाटलं, जे व्हायचं ते तिच्या माघारी होऊ दे, तिचं रडं तरी वाचेल. माणूस दुसऱ्याचं रडं वाचवायला निघतो तेव्हा बहुतेक स्वतःचंच वाचवत असतो. बानाबाई आठव्या दिवशी आली, रिकाम्या वाडग्यात गेली, बराच वेळ आत उभी राहिली, आणि बाहेर आली ती तोंड मिटूनच.

तेव्हापासून सोनाजीला एकच भीती होती. आपण असेच मरू. एक दिवस ही चहाचा कप पुढं ठेवील आणि आपण उचलणार नाही, आणि तिचं शेवटचं बोलणं म्हणून आपल्यापाशी "गाडी लावू नगा" एवढंच राहील. मेंढरं गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण ही भीती त्या दुःखाच्या वर बसली होती. त्यानं त्याच्या परीनं उपाय केले. चौकातून गरम जिलबी आणली, ती तिनं शेजारच्या साळूबाईला नेऊन दिली. एकदा मुद्दाम खोकला काढला, तर आशाकरवी काढा आला, आणि काढा कडू होता.

दुपारी मात्र त्याला बरं वाटायचं. आशा दुकानात, बन्सी कंपनीत, बानाबाई हॉलमधल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवी. सोनाजी गॅलरीतल्या खुर्चीत बसायचा. खाली रिक्षा, भाजीवाले, शाळेतून येणारी पोरं यांचा एक आवाज वर यायचा आणि डोळे मिटले की तो आवाज हळूहळू खुरांचा व्हायचा. ऊन पायावर सरकायचं. त्याला वाटायचं, आपण बाभळीखाली आहोत आणि कळप समोर रवंथ करतोय. पण या झोपेतसुद्धा तो एक पथ्य पाळायचा. कुणाचं नाव घ्यायचा नाही. कळप नुसता पांढरा-काळा, धुक्यातला, बिनचेहऱ्याचा ठेवायचा. ट्रक गेल्या दिवसापासून एकाही मेंढीचं नाव त्यानं मनातसुद्धा घेतलं नव्हतं.

भाद्रपद लागला. महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या. क्रांती चौकाजवळच्या गल्लीत आशाचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि या दिवसांत ब्लाऊजच्या ढिगाखाली तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. त्या दिवशी ती दुपारी जेवायला म्हणून धावत घरी आली आणि येताना भाजीवाल्याकडून प्लास्टिक लावलेला एक डबा घेऊन आली. टीव्हीवर तिनं एक पदार्थ पाहिला होता.

"मामा, हे बघा. मशरूम. कांदा लाल करून त्यात टाकायचेत. लय भारी लागतं म्हणे."

सोनाजीनं डबा हातात घेतला. आतल्या पांढऱ्या, गुळगुळीत टोप्यांकडे तो बघतच राहिला.

"आगं, ही तर अळंबी."

"तीच. मशरूम म्हणजे अळंबीच."

त्यानं प्लास्टिक फाडून एक टोपी नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. "डब्यातच जल्मलेली दिसतीय," तो म्हणाला. पण डबा काही त्यानं खाली ठेवला नाही.

माळावर श्रावण सरता सरता वारुळांच्या अंगाखांद्यावर अळंबी उगवायची. रात्रीतून यायची आणि ऊन चढलं की मान टाकायची. ती सापडायला नजर लागते, आणि ती नजर बानाबाईची. सोनाजी वारुळाला वळसा घालून जायचा आणि त्याला दिसायची नाही. ही मागून यायची आणि पदर भरून घेऊन जायची. तिच्या माहेरचा एक रिवाज होता: ज्याला अळंबी घावली त्यानं त्या दिवशी चुलीला हात लावायचा नाही. त्यानं नुसतं बसायचं आणि आयतं खायचं. बानाबाईनं सासरी येताना मेंढ्यांबरोबर हा रिवाजही आणला, आणि पहिल्याच वर्षी पदर सोनाजीपुढं रिता करून ती घोंगडीवर ऐसपैस बसली. सोनाजीनं जन्मात तोवर काही शिजवलं नव्हतं. त्या दिवशी शिकला. वर्षातून एकदा किंवा दोनदा, पण चाळीस वर्षं, तो हा एकच पदार्थ करत आला: लाल केलेला कांदा आणि अळंबी. दुसरं काही त्याला येत नव्हतं, चहासुद्धा नाही.

आशा विळी ओढायला लागली तशी तो म्हणाला, "थांब. ही तुला घावली ना?"

"घावली म्हणजे? आणली मी. विकत."

"मंग तू हात लावायचा नाय. तू जा दुकानात. म्या करतो."

आशानं सासऱ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग घड्याळाकडे. सासऱ्याला कधी गॅस पेटवतानाही तिनं पाहिलं नव्हतं. पण दुकानात सतरा ब्लाऊज वाट बघत होते. तिनं त्याला काडी कशी ओढायची, बटण कुठं फिरवायचं ते दाखवलं. "कांद्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतील मामा. घड्याळ बघा. मंद ठेवा," असं म्हणून उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली आणि ती गेली. दार ओढल्याचा आवाज आला. हॉलमध्ये बानाबाईनं कूस बदलली. ती जागी आहे की निजली आहे, ते स्वयंपाकघरातून कळत नव्हतं.

सोनाजीनं सहा कांदे सोलले. विळीवर जमेना म्हणून जमिनीवर फतकल मारून सुरीनं चिरले, पातळ, उभे, आणि गुडघ्याला शिव्या देत उठला. गावाकडचा लोखंडी तवा आशानं ओट्याखाली टाकून ठेवला होता, तो शोधून काढला. करडीचं तेल घातलं. कांदा घातला, वर चिमूटभर मीठ, म्हणजे कांद्याला पाणी सुटतं. आणि ज्योत इतकी बारीक केली की आहे का नाही ते वाकून बघावं लागावं.

हा कांदा घाईचा नव्हेच. माळावर तो लेंड्यांच्या इस्तवावर व्हायचा. लेंड्या भडकत नाहीत. नुसत्या आतल्या आत लाल राहतात. त्यावर तवा ठेवून कांद्याला त्याच्या मनाप्रमाणं होऊ द्यायचं. सारखं हलवलं तर तो पांढराच राहतो, आणि विसरलं तर काळा पडतो. मग हलवायचं केव्हा? सोनाजीजवळ घड्याळ नव्हतं, पण कळप होता. तव्यापाशी बसल्या बसल्या तो समोर चरणाऱ्या मेंढरांची नावं घ्यायचा, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, सावकाश, आणि सगळी झाली की एकदा उलथणं फिरवायचा. पुन्हा पहिलीपासून. अशी पाच वेळा नावं झाली की कांदा लाल, गोड, मऊ. चाळीस वर्षांत त्याचा कांदा एकदाही बिघडला नव्हता.

आता भिंतीवर आशाचं घड्याळ होतं. सोनाजीनं त्याच्याकडे पाहिलं. काटा जाग्यावरच. पुन्हा पाहिलं. अजून जाग्यावरच. मग खाली रस्त्यावर कुणी तरी हॉर्न वाजवत बसला, त्यात लक्ष गेलं, आणि परत पाहिलं तर काटा कुठल्या कुठं गेला होता आणि कांद्याची एक कड करपू लागली होती. त्यानं घाईनं हलवलं. मग भीतीनं हलवतच राहिला. कांदा पांढराफटक, ओलाकच्च, घाबरल्यागत पडून राहिला. काट्याशी त्याचं जमणं शक्य नव्हतं, आणि दुसरं माप त्याला माहीत नव्हतं.

तो कितीतरी वेळ उलथणं हातात धरून उभा राहिला. मग त्यानं हॉलच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि अगदी ओठातल्या ओठात म्हणाला, "भुरी."

आणि भुरी आली. कुठून आली ते विचारू नका. ओट्यावरच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, त्या उन्हाच्या पट्ट्यातून ती खाली उतरली, कान हलवले, फ्रिजला वळसा घालून हॉलच्या दाराकडे चालू लागली. मागं बांडी. मागं काळतोंडी, नेहमीप्रमाणं बांडीच्या शेपटीला तोंड लावून. चांदी, रेवडी, लांबकानी. सोनाजी नाव घ्यायचा आणि ती उतरायची. ओल्या लोकरीचा वास कांद्याच्या वासात मिसळला. हरणी उडी मारून आली, ती कधीच सरळ आली नव्हती. ठेंगणी आली. झिपरी डोळ्यांवरच्या झिपऱ्यांमुळे फ्रिजवर आपटता आपटता वाचली, आणि सोनाजीला हसू फुटलं. शेवटची गेल्यावर त्यानं उलथणं फिरवलं. खालचा कांदा पिवळसर झाला होता.

दुसऱ्या खेपेला त्याचा आवाज ओठांबाहेर आला. किती दिवसांनी तोंडात ही नावं येत होती! सहा महिने उपाशी ठेवलेल्या माणसाला एकदम पंगत वाढावी, तसं त्याला झालं. नावं चघळत, चाखत तो घेत होता. कांदा बसत चालला, तेल कडेला सुटलं, आणि पहिला गोड वास उठला. घरभर ऊन पसरलं होतं आणि उन्हात मेंढरं चालली होती, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, सगळी एकाच बाजूला. कांदा गुळाच्या रंगाला आला होता.

तिसऱ्या खेपेला घोडं अडलं. भुरी, बांडी, काळतोंडी, सगळ्या बरोबर आल्या. कवडी आली, सावळी आली. सावळीच्या मागं कोण? सोनाजी थांबला. सावळीच्या मागं नेहमी एक असायची, तिच्याच वेताची, दोघी मिळून चरायच्या. खिडकीत ऊन होतं आणि उन्हात कुणी उतरत नव्हतं. पहिल्या दोन्ही खेपांना आपण तिला गाळूनच पुढं गेलो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली ती स्वतःवरच. चाळीस वर्षं ज्यानं एक नाव चुकवलं नाही त्यानं सहा महिन्यांत एक मेंढी हरवली होती. "सावळी," तो पुन्हा म्हणाला. "सावळी. सावळीमागं..."

"नकटी."

आवाज हॉलमधून आला. सोनाजी हलला नाही. हा आवाज माळावरचा की या घरातला, ते त्याला क्षणभर समजलं नाही; मागं वळलो तर नाहीसा होईल असं वाटलं. "नकटी," तो हळूच म्हणाला, आणि नकटी खिडकीतून खाली आली, बसक्या नाकाची, सावळीच्या मागं पळत.

त्यानं वळून पाहिलं तेव्हा बानाबाई दारात उभी होती. केस विस्कटलेले, पदर खांद्यावर. ती त्याच्याकडेच बघत होती. आशा घरात नव्हती. मधे कुणीच नव्हतं.

"येक इचारते," ती म्हणाली. "खरं सांगा. गाडीत चढिवताना नावं घेतली व्हती?"

एवढाच प्रश्न होता तो. सहा महिने ती हाच घेऊन भिंतीकडे तोंड करून निजत होती. विकल्याचा राग तिला नव्हताच. विका म्हणून तिनंच सांगितलं होतं. पण कळपाला निरोप द्यायचा होता, तो यानं एकट्यानं दिला, आपल्याला परकं केलं, हे तिच्या मनात रुतून बसलं होतं. सोनाजीला हे त्या क्षणी लख्ख कळलं. आणि हेही कळलं की आता "व्हय" म्हटलं तर तिचा राग खरा ठरेल, आणि "नाय" म्हटलं तर त्याहून वाईट काहीतरी होईल. खोटं बोलायला जागा भरपूर होती. घेतली, सगळ्यांची घेतली, तुझ्या वाटचं "हाय" बी म्याच म्हनलो, असं सांगता आलं असतं, आणि ऐकायला ते गोडही लागलं असतं.

"नाय," तो म्हणाला. "नाय घेतली."

"येकीचंबी नाय?"

"येकीचंबी नाय. म्या व्हतोच कुठं तिथं." त्याचा आवाज फाटला. "पुंजाराम मोजाया लागला. येक म्हनला, दोन म्हनला, मोठ्यानं, काठीनं पाठीला टोचून. माझ्यानं ऐकवंना. म्या बाभळीमागं जाऊन कान झाकून बसलो. गाडी गेल्यावर उठलो. कोन पयली चढली, कोन मागं वळली, कायबी पाह्यलं नाय म्या."

बानाबाई चौकटीला टेकली. तव्यावर कांदा चर्र करू लागला होता आणि दोघांचंही तिकडे ध्यान नव्हतं.

"म्हंजी कुनीच नाय घेतली," ती म्हणाली. "तशीच गेली ती. मोजून."

"तशीच."

"मला वाटलं, तुमी येकट्यानं घेतली."

सोनाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कांद्याचं म्हणून खपवायची त्याची इच्छा नव्हती. बानाबाई पुढं आली. त्याच्या हातातलं उलथणं तिनं काढून घेतलं, तव्यावर पाण्याचा हबका मारला, तळाला लागलेलं खरवडून कांद्यात फिरवलं. तपकिरी रंग सगळ्या कांद्याला लागला.

"घ्या आता," ती म्हणाली. "पयल्यापून. मी हाये."

सोनाजीनं डोळे पुसले. "भुरी," तो म्हणाला.

चाळीस वर्षं या नावाला तिनं "हाय" म्हटलं होतं. ती खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गेली."

"बांडी."

"गेली."

"काळतोंडी."

"गेली."

घाई कुणालाच नव्हती. तो एकेक नाव ठेवायचा आणि ती ते उचलून पलीकडे ठेवायची. काही नावांना तिला वेळ लागला. हरणीला ती जरा हसली. नकटीला तिनं पदर तोंडाला लावला. मधेच तिनं मशरूम चिरून तव्याच्या मधोमध टाकले. त्यांना पाणी सुटलं, ते आटलं, मग तिनं ठेचलेला लसूण आणि एक सुकी मिरची घालून सगळं एकत्र केलं. ऊन ओट्यावरून उतरून फरशीवर गेलं. शेवटची झिपरी. "गेली," बानाबाई म्हणाली आणि गॅस बंद केला.

खोली एकदम मोकळी वाटू लागली. तिनं दोन ताटं घेतली, सकाळच्या भाकरी काढल्या. सोनाजी मात्र तसाच उभा.

"बसा की."

"अजून येक हाये," तो म्हणाला.

"कोन? समदी झाली."

"तू गेल्यावर तिसऱ्या दिशी भुरी व्याली. बारकी पाट झाली तिला. तिच्यासंगट गाडीत गेली ती बी." तो खाली बघत होता. "तिचं नाव नाय ठेवलं. नाव तू ठेवतीस."

बानाबाई हातातली भाकरी धरून तशीच थांबली. मग ती खाली बसली, आणि त्यालाही हातानं खुणावलं.

"कशी व्हती?"

"पांढरी. डावा कान तांबूस. पाय लई उंच."

"उठली का लगीच?"

"लगीच. भुरीला चाटू बी दिलं नाय, उठली आन दुधाला लागली."

"आवाज?"

"बारीक. पर हट्टी."

बानाबाईचे डोळे बारीक झाले होते, नव्या पिलाला निरखताना व्हायचे तसे.

"शिमग्याच्या आधीची ना? मंग शिमगी."

"शिमगी," सोनाजी म्हणाला. वाडग्याच्या तोंडाशी घ्यायचा तसं त्यानं ते नाव घेतलं. तो थांबला. आता ती "गेली" म्हणेल, मग झालं.

बानाबाईनं भाकरी मोडली, त्यावर कांदा आणि अळंबी वाढली आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"ती ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "जेवा तुमी."